चोपडीतली उभी रेघ



आमच्या गावच्या बस्तीचा जीर्णोद्धार चालू आहे. जुन्या देणगीदारांची नावे रकमेसह फरशीवर कोरायचे ठरले, म्हणून १९५२ सालची चोपडी बाहेर काढली. पुतण्या आनंदाने म्हणाला, "काकू, पणजोबांनी २५१ रुपये दिलेत! सगळ्यांत जास्त आपलेच!" आमच्या ह्यांनी लगेच चार पाहुण्यांना फोनसुद्धा केले.

मी चष्मा लावून पाहिले. पंचविसाच्या पुढे होता तो इंग्रजी एक नव्हता, उभी रेघ होती. २५। म्हणजे सव्वापंचवीस रुपये.

आजच्या मुलांना हे कसे कळणार? तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै होत्या. एका रुपयात १९२ पै! अशा हिशोबात दशांश चिन्ह बसणार कुठे? म्हणून पावकीसाठी रेघ असे. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड. पुढे १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि रेघेच्या जागी टिंब आले. चार आण्यांचे बरोबर २५ पैसे झाले, पण एका आण्याचे सव्वासहा! सुट्ट्या पैशांचा घोळ व्हायचाच.

हे टिंबही तसे अलीकडचेच. १५८५ साली सायमन स्टेव्हिन याने युरोपात दशांशावर छोटे पुस्तक लिहिले, पण तो प्रत्येक अंकाजवळ लहान वर्तुळात त्याचे स्थान लिहीत असे. टिंब रुळले ते सतराव्या शतकात, नेपियरच्या लॉगरिदमच्या कोष्टकांबरोबर. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये मात्र दशांशासाठी आजही स्वल्पविरामच देतात. जर्मनीत १.५०० लिहिले तर ते दीड नव्हे, दीड हजार! तिकडे असलेल्या लेकीसुनांनी बिल वाचताना ध्यानात ठेवावे.

आपल्या आचार्यांकडे ना टिंब होते ना स्वल्पविराम, तरी संख्या चुकत नसत. लोकविभाग हा आपला लोकवर्णनाचा ग्रंथ. मूळ ग्रंथ शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८ चा मानतात. आज आहे तो सिंहसूरींचा संस्कृत ग्रंथ. त्यात एक संख्या एककाच्या बाजूने शब्दांत सांगितली आहे: पाच शून्ये, मग दोन, सात, शून्य, एक, तीन, एक. आज आपण ती १३,१०,७२,००,००० अशी लिहू. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात एकापासून महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली. आपल्याकडे हजारानंतर लाख, कोटी अशी नावे येतात, म्हणून आपला स्वल्पविराम दोन-दोन घरांनी पडतो. इंग्रजी पद्धतीत तो तीन-तीन घरांनी पडतो.

आता आमच्या पानाकडे येते. मी बी. कॉम. झालेली, तेव्हा आधी खालची बेरीज पाहिली. पानावर चारच नोंदी होत्या: ११, ७॥, २५।, ५।. बेरीज ४९. पणजोबांचे २५१ धरले तर ही बेरीज जुळतच नाही.

ह्यांना सांगताना जीभ जड झाली. घरात थोडा वेळ कोणीच बोलले नाही. पुतण्या हळूच म्हणाला, "काकू, आता कोण बघायला येणार आहे?" मी म्हटले, "अरे, दानाच्या नोंदीत असत्य लिहून सत्याणुव्रत कसे पाळायचे? आणि पणजोबांनी स्वतः काय लिहिले ते बघ की." त्यांनी दिले तेवढेच लिहिले होते, चार आण्यांसकट.

संध्याकाळी ह्यांनी त्याच चार पाहुण्यांना पुन्हा फोन केले. फरशीवर आता "पंचवीस रुपये चार आणे" असे अक्षरांत कोरणार आहेत, म्हणजे पुढच्या पिढीला रेघेचा घोटाळा नको.

तुमच्या घरी जुन्या चोपड्या असतील तर नक्कल करताना रेघा नीट बघा, आणि पानाखालची बेरीज जुळवल्याशिवाय एकही आकडा पुढे सांगू नका.