समुद्रपुरात बसून पोलिश भाषेचं काम मिळेल का?

शिक्षणासाठी वॉर्सा किंवा व्रोत्सवाफला जाऊन आलेले, तिथं काही वर्षं नोकरी करून परतलेले, लग्नामुळे भाषा शिकलेले. विदर्भात पोलिश येणारे फार नाहीत, पण जे आहेत त्यांना गावी परतल्यावर एक प्रश्न पडतोच: या भाषेवर आता घरबसल्या काही कमावता येईल का? येईल. मात्र त्याआधी जाहिरात नीट वाचायला शिकावं लागतं.

'रिमोट' म्हणजे नेमकं कुठून?

पोलिश जाहिरातींत 'प्रात्सा झ्दाल्ना' हे शब्द दिसले की आपल्याला वाटतं, कुठूनही काम करा. तसं नसतं. पोलंडच्या कामगार कायद्यात ७ एप्रिल २०२३ पासून घरून कामाचे नियम आले, पण ते तिथल्या नोकरदारांसाठी आहेत. त्यामुळे बहुतेक जाहिरातींत तुम्ही पोलंडमध्येच राहता आणि तिथं काम करण्याची परवानगी तुमच्याकडे आहे, हे गृहीत धरलेलं असतं. 'बी टू बी' असं लिहिलेलं असेल, तर कंपनीला पगारी माणूस नको, बिल देणारा व्यावसायिक हवा आहे. भारतातल्या माणसाला इथेच वाव असतो. म्हणून अर्जासोबत पहिलाच प्रश्न विचारा: "मी भारतात राहतो, इथलं बिल चालेल का?" उत्तर नाही आलं, तर तीन मुलाखतींचा वेळ वाचला.

'प्रात्सुय डॉट पीएल' हे तिथलं मोठं नोकरी संकेतस्थळ आहे. भाषांतराच्या कामासाठी 'प्रोझ' आणि 'अपवर्क' बघा. पुणे-बंगळुरूच्या सेवा केंद्रांत पोलिश येणाऱ्यांची गरज कधीकधी निघते. 'नोकरी' आणि लिंक्डइनवर 'पोलिश लँग्वेज' टाकून शोधा. तिथं ग्राहकसेवा आणि हिशेबाची कामं जास्त दिसतील, पण अनेकदा काही दिवस ऑफिसला जावं लागतं.

भाषांतरात एक गोष्ट लक्षात ठेवा. सहसा स्वतःच्या मातृभाषेत भाषांतर करणाऱ्यालाच काम देतात. त्यामुळे इंग्रजीतून पोलिशमध्ये करायचं काम पोलिश माणसाकडे जाण्याची शक्यता जास्त. पोलिशमधून इंग्रजीत करायच्या कामात तुम्हाला जागा मिळू शकते. दर 'पानाला' सांगितला, तर ते ए-फोर पान नव्हे. पोलंडमध्ये साधारण १८०० अक्षरांचं एक पान धरतात, मोकळ्या जागांसकट. शपथबद्ध भाषांतरात हेच पान ११२५ अक्षरांचं असतं.

(तसं पाहिलं तर मराठी माणसाला पोलिश अगदीच परकी वाटू नये. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत आणि विभक्त्यांची सवयही शाळेपासूनच.)

घड्याळ आणि वीज

पोलंडचं सकाळी ९ ते ५ म्हणजे आपलं हिवाळ्यात दुपारी दीड ते रात्री साडेनऊ, उन्हाळ्यात साडेबारा ते साडेआठ. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ बदलतं, तेवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा. शेती असणाऱ्यांना हे वेळापत्रक सोयीचं आहे, सकाळ मोकळी राहते. पण पावसाळ्यात वीज गेली आणि व्हिडिओ कॉल मध्येच तुटला, तर समोरच्याला कारण सांगून किती वेळा भागेल? इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम, हा खर्च पहिल्याच महिन्याचा समजा.

पैसे मागितले तर

प्रशिक्षण शुल्क, लॅपटॉपची अनामत, 'फाइल चार्ज', यातलं काहीही मागितलं की थांबा. कंपनी खरी आहे का हे बघणं सोपं आहे. तिथल्या कंपन्यांची सरकारी नोंदवही, म्हणजे 'केआरएस', ऑनलाइन मोफत पाहता येते. कंपनीचा दहा आकडी कर क्रमांक, 'एनआयपी', मागा आणि तिथं टाकून बघा. नाव, पत्ता, संचालक जुळले पाहिजेत. ईमेलचा पत्ताही कंपनीच्याच संकेतस्थळाचा हवा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

सीव्हीच्या तळाशी वैयक्तिक माहिती वापरायला संमती देणारं एक वाक्य पोलिशमध्ये घाला. तिथं ते अपेक्षित असतं, आणि ते नसेल तर कंपन्या अर्ज बाजूला ठेवू शकतात.

पैसे परदेशातून आले तरी तुम्ही भारतात राहत असाल तर ते उत्पन्न इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. दुहेरी कर टाळण्यासाठी भारत आणि पोलंडमध्ये करार आहे. रक्कम कशासाठी आली हे बँक विचारेल, म्हणून करार आणि प्रत्येक बिलाची प्रत जपून ठेवा, आणि परदेशी रक्कम मिळाल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.