खतावणी कोठे ठेवायची?

अक्कलकुव्याच्या बाजारपेठेतील एखाद्या दुकानदाराला सुरतेहून माल आणायचा असे. १९८० च्या सुमारास तो पैसे कसे पाठवी? बँकेच्या शाखेतील कारकून जाड खतावणी उघडून शिल्लक पाही, सुरतेच्या शाखेवर डिमांड ड्राफ्ट लिहून देई आणि तो टपालाने जाई. दुकानदार स्वतः सुरतेला गेला, तरी तेथील शाखेला त्याची शिल्लक कळत नसे. ती अक्कलकुव्याच्या कपाटात होती. खाते नावाला बँकेचे, प्रत्यक्षात शाखेचे होते.

शिवाय एका ड्राफ्टच्या दोन नोंदी दोन गावांत होत. त्या जुळवण्याचे काम, म्हणजे आंतरशाखा ताळमेळ, दीर्घकाळ तुंबून राही. न जुळलेल्या नोंदींआड अफरातफरही लपू शके.

१९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची शिफारस केली. शाखांमध्ये खतावणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. बेरजा जलद व अचूक झाल्या. पण खतावणी शाखेतच राहिली. येथे आपण थोडे थांबू. मूळ अडचण बेरजेची नव्हतीच. माहिती कोठे ठेवली आहे, याची होती.

तिचे उत्तर संगणकांच्या जाळ्याने दिले. सर्व शाखांची खाती एका केंद्रीय साठ्यात ठेवायची आणि प्रत्येक शाखेने जाळ्यामार्फत तेथेच वाचायचे, तेथेच लिहायचे, ही 'कोअर बँकिंग' पद्धत. भारतीय स्टेट बँकेच्या सर्व शाखा २००८ पर्यंत तिच्यात आल्या. नोंद एकच, म्हणून शिल्लकही सर्वत्र एकच. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय सेवा याच पायावर उभी राहिली.

याची किंमतही आहे. पूर्वी आग लागली तर एका शाखेच्या वह्या जात. आता केंद्र बंद पडले तर सारेच थांबते. म्हणून साठ्याची दुसरी प्रत दूरच्या शहरात ठेवतात. मात्र सातपुड्यातल्या गावाची जोडणी तुटली, तर खात्यात पैसे असूनही हाती येत नाहीत. केंद्रीय साठ्याचा लाभ शेवटच्या गावाच्या जोडणीइतकाच भरवशाचा!

वर्गात एक प्रयोग करून पाहावा, असे आम्ही सुचवतो. दोन विद्यार्थ्यांना एकाच खात्याच्या दोन वह्या द्या; दोन्हींत शिल्लक १०० रुपये. एकमेकांना न विचारता एकाने ७० व दुसऱ्याने ६० रुपये द्यावेत. दोघांच्याही वह्या बरोबर, पण पैसे गेले १३०! आता दोघांत एकच वही ठेवून हाच व्यवहार करा. दुसरा विद्यार्थी कोठे थांबतो, ते मुलांनाच सांगू द्या.