समुद्र बंद असतो, तेव्हा पक्षी येतात

१/ माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसच्या बोटी सुटतात, मासेमारीच्या बोटी बर्फ भरून खोल समुद्राकडे निघतात. १८४१ मध्ये लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी उभारलेल्या धक्क्याचे हे नाव. या धक्क्यापलीकडच्या समुद्रावर कोणते पक्षी उडतात, हे आपल्याला कसे कळले? आजचा थ्रेड या दीडशे वर्षांच्या शोधाविषयी.

२/ प्रथम एक भेद लक्षात घेऊ. किनाऱ्यावर दिसणारे कुरव म्हणजे खरे दर्यावर्दी पक्षी नव्हेत. पेट्रेल आणि शिअरवॉटर हे पक्षी केवळ विणीपुरते जमिनीवर येतात. उरलेले आयुष्य लाटांवर काढतात. चिमणीहून थोडासा मोठा असलेला विल्सनचा वादळी पेट्रेल अंटार्क्टिकाच्या परिसरात वीण करतो आणि आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रापर्यंत येतो. त्याला पाहायचे तर बोटीनेच जावे लागते.

३/ या समुद्राकडे पक्ष्यांसाठी पाहणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत एक परिचित नाव आहे : ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. डिसेंबर १८८५ मध्ये गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरवण्यात पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. मकरानच्या किनाऱ्यालगतच्या सागरी प्रवासानंतर १८७२ मध्ये त्यांनी पर्शियन शिअरवॉटरचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

४/ १८७५ च्या आरंभी ह्यूम सरकारी जहाजातून पश्चिम किनारा आणि लक्षद्वीप पाहून आले. अधिकृत कारण दीपगृहांसाठी जागा पाहण्याचे होते; ह्यूम यांचे लक्ष पक्ष्यांवर होते. त्या काळी दुर्बिणीतले दर्शन पुरेसे मानले जात नसे, बंदुकीने टिपलेला नमुना हाच पुरावा. या सफरीचा वृत्तान्त १८७६ मध्ये त्यांच्याच ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आला.

५/ १५ सप्टेंबर १८८३ रोजी माझगावला लागून असलेल्या भायखळ्यात, आज भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या संग्रहालयात आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते. १८८६ पासून सोसायटीचे जर्नल निघू लागले. विखुरलेल्या नोंदींना घर मिळाले.

६/ महाराष्ट्रातील सागरी पक्ष्यांचे सर्वांत महत्त्वाचे ठिकाण मात्र मुंबईपासून दूर आहे : वेंगुर्ल्यापासून चौदा-पंधरा किलोमीटर आत समुद्रातले खडक. १८८० मध्ये जी. डब्ल्यू. व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी प्रसिद्ध केली. पुढे १९३८ मध्ये मुंबईचे हुमायून अब्दुलअली या खडकांवर गेले. तिथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवरचा त्यांचा लेख १९४० मध्ये जर्नलमध्ये छापून आला.

७/ त्या लेखातील पाकोळ्यांना व्यापाराचाही इतिहास आहे. गुहांच्या छतांना त्या लाळेने घरटी चिकटवतात. चिनी सूपसाठी या घरट्यांना मागणी असल्याने ती खरवडून नेली जात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे थांबवण्यासाठी काम हाती घेतले. ज्या पक्ष्याची जागा ठाऊक होती, त्याच्यासाठी उभे राहता आले.

८/ आणि ज्याची जागाच ठाऊक नाही, त्याचे काय? खरी अडचण इथे आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागले की अरबी समुद्राच्या पश्चिम भागात खालचे थंड, पोषक पाणी वर येते; अन्न वाढते, दूरदूरचे पक्षी येतात. वेंगुर्ल्याच्या खडकांवर सुरयांची वीणही पावसाळ्यातच. पण नेमक्या त्या काळात आपला समुद्र बंद असतो.

९/ त्या बंदीमागे अनुभव आहे. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन आषाढात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. इंग्रजी नकाशांत हा खडक ‘गल आयलंड’, म्हणजे कुरवांचे बेट. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून दर्याला सामोरे जातात.

१०/ परिणामी मुंबईच्या सागरी पक्ष्यांचा इतिहास बराचसा वादळांनी लिहिला आहे. वाऱ्याने भरकटलेला एखादा बूबी किंवा काजळी सुरय थकून किनाऱ्यावर पडे, कुणी तो ओळखे, आणि जर्नलमध्ये चार ओळींची टिपण येई. पण किनाऱ्यावर सापडलेला पक्षी तो कुठून आला, आणि त्याच्यासारखे किती मागे आहेत, हे सांगत नाही.

११/ मग सप्टेंबरात, समुद्र निवळताच बोट का काढू नये? इथे भूगोल आडवा येतो. मुंबईसमोरचा सागरमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. बॉम्बे हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, तरी तिथली खोली शंभर मीटरही नाही. दक्षिणेकडे हा मंच अरुंद होतो. म्हणून पक्षिनिरीक्षकांच्या सागरी सफरी गोवा, कर्नाटक आणि केरळच्या किनाऱ्यांवरून अधिक फलदायी ठरतात. माझगावहून सकाळी निघून संध्याकाळी परतणारी बोट उथळ पाण्यातच राहते.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एक गोष्ट घ्यावी. नोंद नसणे म्हणजे पक्षी नसणे नव्हे. त्या दिवशी तिथे नोंद करणारा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. तेलगळती झाली किंवा समुद्रात नवा प्रकल्प आला, तर काय गमावले हे ठरवायला आधीची मोजणी लागते. ती आपल्याकडे अपुरी आहे.

१३/ ती भरून काढण्याचा मार्गही याच धक्क्यावरून जातो. शौकिनांच्या बोटी पोहोचत नाहीत तिथे मासेमारीच्या बोटी दिवसेंदिवस राहतात. जाळे ओढताना मागे कोणते पाखरू येते, हे खलाशांना ठाऊक असते. ह्यूम यांना सरकारी जहाज मिळाले होते. आज एक दुर्बीण, एक वही आणि तांडेलाशी मैत्री यांवर पुढचे पान लिहिता येईल.