शिकारी रायफल : अहमदनगर जिल्हा

शिकारी रायफल म्हणजे वन्य प्राण्यांच्या शिकारीसाठी वापरण्यात येणारे, नळीच्या आतील बाजूस मळसूत्री खाचा असलेले व खांद्याला लावून झाडावयाचे शस्त्र. या खाचांमुळे गोळीस स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते व तिचा मार्ग स्थिर राहतो. गुळगुळीत नळीच्या बंदुकीहून रायफलीचा पल्ला व अचूकता अधिक असण्याचे कारण हेच होय. सशापासून सांबरापर्यंत सर्व सावजांस पुरी पडेल अशी एकच रायफल कोणती, या प्रश्नाची चर्चा शिकाऱ्यांमध्ये शंभराहून अधिक वर्षे होत आली आहे. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) त्याचे उत्तर केवळ सावजाच्या आकारावरून ठरले नाही. येथील उघडी, सपाट व वस्तीची जमीन आणि शस्त्रविषयक कायदे या दोन गोष्टींचा त्यात अधिक वाटा होता.

भूमी व सावज : सु. १७,००० चौ. किमी. क्षेत्रफळाच्या या जिल्ह्याचे शिकारीच्या दृष्टीने दोन अगदी भिन्न भाग पडतात. पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीच्या रांगांत असून कळसूबाई (१,६४६ मी.) हे राज्यातील सर्वोच्च शिखर तेथेच आहे. बिबट्या, रानडुक्कर, सांबर व भेकर ही या भागातील सावजे. येथे झाडीमुळे सावज जवळूनच व क्षणभरच दिसते. कर्जत, श्रीगोंदे, जामखेड, पाथर्डी या पूर्वेकडील व दक्षिणेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांत मात्र गवताळ माळ व हलक्या जमिनीची शेते मैलोगणती पसरलेली असत. काळवीट, चिंकारा, लांडगा, कोल्हा, ससा, तसेच माळढोक, तणमोर, तित्तर व लावा हे माळावरील प्राणी व पक्षी. लाव्याचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, सशाचे दोन-तीन किग्रॅ., काळविटाच्या नराचे ३५ ते ४० किग्रॅ., बिबट्याच्या नराचे ५० ते ७० किग्रॅ. आणि सांबराचे २०० किग्रॅ.हून अधिक भरते. एकाच शस्त्राने एवढी तफावत भरून काढणे किती अवघड आहे, याची यावरून कल्पना येते.

रायफलपूर्व काळ : निजामशाहीच्या काळात अहमदनगर हे शस्त्रनिर्मितीचे मोठे केंद्र होते. विजापूर येथील ‘मुलुख-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये येथेच ओतण्यात आली. शिकारीत मात्र बंदुकीचे स्थान दीर्घकाळ दुय्यम राहिले. तोड्याच्या बंदुकीस जळती वात लागे, नेम धरताना ती वात सांभाळावी लागे आणि गुळगुळीत नळीतून सुटलेली वाटोळी गोळी पन्नास-साठ पावलांपलीकडे भरवशाची नसे. उघड्या माळावर काळवीट माणसाला इतक्या जवळ येऊ देत नाही. त्यामुळे माळावरची खरी शिकार पारध्यांची होती. फासेपारधी फाशांची ओळ मांडून कळप तिकडे वळवीत, काही पारधी शिकविलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ जात, तर चितापारधी पाळीव चित्ता सोडून काळवीट धरीत. यांपैकी एकाही रीतीत दारू खर्च होत नसे व आवाजही होत नसे. चित्त्याची शिकार कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही चालू होती आणि तिच्यासाठी चित्ते आफ्रिकेतून आणविण्यात येत.

परवाना व विषमता : दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि १८१८ नंतर शहराजवळ लष्करी छावणी स्थिरावली. १८५७ च्या उठावानंतर सरकारने प्रजेजवळील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण स्वीकारले. १८७८ च्या भारतीय शस्त्र अधिनियमाने देशी माणसास परवान्याशिवाय बंदूक बाळगणे अशक्य झाले, यूरोपीय रहिवाशांस मात्र या बंधनातून सूट होती. याचा परिणाम शस्त्राच्या निवडीवर सरळ झाला. छावणीतील अधिकारी रायफलींच्या गुणदोषांची तुलना करीत असता, डुकरांपासून ज्वारी राखू पाहणाऱ्या शेतकऱ्यास ठासणीची एक बंदूक मिळविण्यासाठी कचेरीत खेपा घालाव्या लागत. पारध्यांची गणना तर पुढे ‘गुन्हेगार जमातीं’त झाली आणि ते बंधन १९५२ पर्यंत उठले नाही.

काळ्या दारूपासून .३०३ पर्यंत : लष्कराने टाकलेल्या वा त्याच धर्तीवर बनविलेल्या रायफलींनी शिकारीच्या रायफलीचा मार्ग आखून दिला. तोंडाकडून भरावयाची .५७७ एन्फील्ड (१८५३), तिलाच मागून भरण्याची सोय करून सिद्ध झालेली स्नायडर (१८६६) आणि मार्टिनी-हेन्री (१८७१) अशी ही परंपरा आहे. (येथे बोअर म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या दशांशांत दिला आहे; .३०३ म्हणजे सु. ७.७ मिमी.) मार्टिनीची सु. ३१ ग्रॅ. वजनाची शिशाची गोळी सेकंदास सु. ४१० मी. वेगाने सुटे. २०० मी. अंतर जाईपर्यंत ती नळीच्या रेषेपासून सव्वा ते दीड मी. खाली येई. खांद्यापाशी जेमतेम ८० सेंमी. उंच असणाऱ्या काळविटाच्या बाबतीत ही गोष्ट निर्णायक ठरते. झाड-झुडूप नसलेल्या माळावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो आणि पन्नास मीटरांची चूक झाली तरी गोळी पोटाखालून जाते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, पाय मोडते. शिवाय काळ्या दारूच्या धुरामुळे दुसऱ्या बारासाठी सावज दिसतही नसे.

१८८८ मध्ये ब्रिटिश लष्करात आलेली .३०३ ली-मेटफर्ड व तिच्यानंतरची ली-एन्फील्ड (१८९५) यांनी ही अडचण दूर केली. धूरविरहित दारूमुळे गोळीचा वेग वाढला. १९१० मध्ये प्रचारात आलेल्या .३०३ च्या सु. ११.३ ग्रॅ. गोळीचा प्रारंभीचा वेग सेकंदास सु. ७४५ मी. असून २०० मी. अंतरावर ती अर्ध्या मीटरपेक्षाही कमी खाली येते. मौझर पद्धतीची ७ मिमी. रायफलही (इंग्रजी व्यापारी नाव .२७५ रिग्बी) याच वर्गातील होय. कुमाऊँमध्ये नरभक्षक वाघांची शिकार करणारे जिम कॉर्बेट ती वापरीत. नेम अचूक असेल तर मोठ्या सावजासही मोठी गोळी लागतेच असे नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. माळावरील काळवीट व चिंकारा, तसेच प्रसंगी बिबट्या यांचा विचार करता नगरसाठी सर्वांत योग्य रायफल याच वर्गातील होती, असे म्हणता येते. .३७५ मॅग्नम (१९१२) ही हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीची रायफल सु. १५, १७.५ व १९.५ ग्रॅ. अशा तीन वजनांच्या गोळ्यांमुळे जगभर ‘सर्वोपयोगी’ म्हणून गाजली. परंतु गवा किंवा हत्ती नसलेल्या या जिल्ह्यात तिचे सामर्थ्य अनाठायीच होते.

गोळीची घडण : वेग वाढल्यावर शिशाची गोळी नळीत टिकेना, म्हणून तिच्यावर कठीण धातूचे कवच चढविण्यात आले. संपूर्ण कवचाची गोळी मऊ शरीरातून आरपार जाते व बारीक छिद्र पाडते. जखमी काळवीट मग मैलभर धावून नजरेआड मरते. यावर टोकाकडील कवच काढून शिसे उघडे ठेवण्याचा उपाय निघाला. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा गोळ्या लष्करासाठी तयार झाल्या आणि १८९९ च्या हेग परिषदेने प्रसरण पावणाऱ्या गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध मानला. शिकारीत मात्र तीच गोळी सावजाच्या यातना कमी करणारी म्हणून रूढ झाली. गोळीची ही निवड बोअरच्या निवडीहून अधिक महत्त्वाची असूनही हौशी शिकारी बहुधा बोअरचीच चर्चा करीत.

कायद्याने ठरविलेला बोअर : मार्टिनी-हेन्रीचा बोअर .४५० होता. तिची काडतुसे सरहद्दीवर व बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरच्या शिकारी रायफलींच्या आयातीस बंदी झाली. इंग्लंडमधील कारागिरांनी तत्काळ .४६५, .४७० व .४७५ असे नवे बोअर काढले. शिकारीच्या गुणांत त्यांच्यामुळे काडीचाही फरक पडला नाही. लष्करात चालू असलेला बोअर खाजगी माणसाच्या हाती नको, हे तत्त्व स्वातंत्र्यानंतरही टिकले व .३०३ हा ‘निषिद्ध बोअर’ ठरला. त्याची जागा इच्छापूर येथील सरकारी कारखान्याच्या .३१५ रायफलीने घेतली. हिचे काडतूस मूळच्या ८ मिमी. ऑस्ट्रियन मान्लिखर काडतुसाच्या घडणीचे असून त्यातील सु. १५.८ ग्रॅ. गोळीचा वेग सेकंदास ६०० मी.च्या आसपास असतो. म्हणजे काळविटासाठी ती .३०३ हून निकृष्टच. परंतु मिळत होती तीच.

सुटलेल्या गोळीचा प्रश्न : शिकारीचा हंगाम हिवाळ्यात असे आणि त्याच वेळी नगरच्या माळावर रब्बीची ज्वारी उभी असे, राखणदार मचाणावर असत, धनगरांचे कळप फिरत असत. .३०३ ची चुकलेली गोळी अनुकूल कोनात तीन किमी.हून दूर जाते. सशासाठी सोयीची मानलेली .२२ रायफलसुद्धा दीड किमी.पर्यंत धोकादायक असते. डोंगरात चुकलेली गोळी समोरच्या उतारात रुतते, माळावर तिला अडविणारे काहीच नसते. बैलगाडीच्या आडून कळपाजवळ जाण्याची दख्खनमधील रीत अंतर कमी करण्यासाठी होती. तीमुळे हा धोकाही काहीसा कमी होई, कारण गाडीवरून झाडलेल्या गोळीचा मार्ग खाली उतरता असे. याउलट १२ बोअरच्या बंदुकीचे बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरांत जमिनीवर पडतात. (१२ बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्यांपैकी एक जिच्यात बसेल अशी, सु. १८.५ मिमी. व्यासाची नळी.)

या दोहोंचा मेळ घालणारे शस्त्र म्हणजे ‘पॅरडॉक्स’. बंगालच्या लष्करातील व व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी जॉर्ज फॉसबेरी यांनी १८८५ मध्ये तिचे पेटंट घेतले व हॉलंड अँड हॉलंड कंपनीने ती बाजारात आणली. नळी गुळगुळीत, फक्त तोंडाजवळील काही सेंमी. भागात खाचा, अशी तिची रचना होती. छर्ऱ्यांनी लावा-तित्तर टिपावा आणि तीतूनच जड गोळी घालून शंभर पावलांपर्यंत बिबट्या किंवा डुक्कर मारावे, हा हेतू. एकच शस्त्र हवे असणाऱ्याच्या प्रश्नाचे हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होते. तिची किंमत मात्र सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची होती. त्याने साधी दुनळी १२ बोअर घेऊन एका नळीत छर्रा व दुसरीत गोळी ठेवण्याची युक्ती पत्करली.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने हीच व्यवस्था कायद्यात आणली. संरक्षण किंवा शिकारीसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा परवाना देणे हा त्यात नियम ठरला. .२२ रायफल नेमबाजी मंडळाच्या सदस्यास सरावासाठी मिळू शके. मोठ्या रायफलीस मात्र सबळ कारण दाखवावे लागे. बाळगावयाच्या शस्त्रांची कमाल संख्या १९८३ मध्ये तीन व २०१९ मध्ये दोन करण्यात आली.

शिकारीचा अंत : पल्लेदार रायफल आणि दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात मिळू लागलेल्या लष्करी जीपगाड्या एकत्र आल्यावर माळावरील सावजाला आडोसा उरला नाही. रात्री दिव्याच्या झोतात उभे राहिलेले काळवीट मारण्यास कौशल्य लागत नव्हते. एका प्रचलित अंदाजानुसार भारतातील काळविटांची संख्या १९४७ मधील सु. ८०,००० वरून १९६४ पर्यंत सु. ८,००० वर आली. ओलिताखाली आलेला माळ हेही याचे तितकेच बलवत्तर कारण होते. दोष केवळ रायफलीचा नव्हे. १९१२ चा वन्य पशुपक्षी संरक्षण अधिनियम व मुंबई राज्याचा १९५१ चा अधिनियम यांचा उपयोग मर्यादितच झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काळवीट, माळढोक व बिबट्या यांना पूर्ण संरक्षण मिळाले. काही सामान्य प्राण्यांसाठी उरलेली परवान्याची वाटही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये, तर कर्जत तालुक्यातील रेहेकुरी हे केवळ २.१७ चौ. किमी.चे काळवीट अभयारण्य १९८० मध्ये जाहीर झाले. रेहेकुरीची एक बाजू ते दुसरी बाजू हे अंतर .३०३ च्या एका गोळीच्या पल्ल्यात बसते. पल्लेदार दारूगोळ्यासाठी जिल्ह्यात राखून ठेवलेली भूमी म्हणजे खारे कर्जुने येथील लष्कराचे सराव क्षेत्र.

जिल्ह्याच्या उत्तर भागात प्रवरा खोऱ्यात भंडारदरा धरण (१९२६) व त्याचे कालवे यांनी निराळेच रान उभे केले. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला व उसाचे क्षेत्र वाढत गेले. पुढे या उसात बिबट्या राहू व विऊ लागला. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील दाट वस्तीच्या शेतीप्रदेशात केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर १०० चौ. किमी.स सु. पाच बिबटे व तितकेच तरस असल्याचे आढळले. उसात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही; तेथे कोणत्याही बोअरची रायफल सारखीच निरुपयोगी. माणसास घातक ठरलेल्या बिबट्यास मारण्याचा आदेश कायद्यानुसार केवळ मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. एरवी वनखाते पिंजरा व भुलीचे औषध भरलेली सुई सोडणारी बंदूक वापरते. या बंदुकीचा उपयुक्त पल्ला सु. ४० मी., म्हणजे जुन्या तोड्याच्या बंदुकीइतकाच, आहे. तिची नळी, दाब व सुईचे वजन प्राण्याच्या वजनानुसार आणि अंतरानुसार प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते.