पुलगावच्या आकाशातील दोन मिनिटे



पुलगाव हे नाव आपल्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? वर्धा नदीकाठचे हे गाव आज लष्कराच्या दारूगोळा भांडारामुळे देशभर ओळखले जाते. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच गावाचे नाव लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कागदपत्रांत छापले गेले, ते अगदी निराळ्या कारणाने. प्रकाश आणि पदार्थ यांचे नाते काय, या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी इंग्लंडचे शास्त्रज्ञ येथे आले होते. तो इतिहास आपल्या मुलांना माहीत असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

दिनांक २२ जानेवारी १८९८. त्या दिवशी दुपारी भारतात खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची दाट सावली कोकण किनाऱ्यावर उतरली आणि सोलापूरकडील जेऊर, वऱ्हाड, मध्य प्रांत, शहडोल, बक्सर असा तिरपा पट्टा ओलांडून हिमालयाकडे गेली. १८९६-९७ च्या दुष्काळातून आपला प्रदेश नुकताच बाहेर पडत होता आणि मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. अशा दिवसांत मुंबई-नागपूर लोहमार्गाने जड पेट्या पुलगावला आल्या. त्यांत दुर्बिणी, लोलक, भिंगे आणि छायाचित्रांच्या काचा होत्या. कॅप्टन हिल्स आणि केंब्रिजचे न्यूऑल यांनी पुलगावला तळ ठोकला. नदीपलीकडे, पुलगावच्या शेजारच्या तळणी स्थानकाजवळ ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी उतरली. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर होते. जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला हे आपले हिंदी शास्त्रज्ञ होते. हा सारा खटाटोप सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी होता.

आपण विचाराल, अंधारात पाहायचे ते काय? याचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

बसऱ्यात सुमारे ९६५ साली जन्मलेले आणि पुढे कैरोत स्थायिक झालेले इब्न अल्-हैसम यांचे नाव आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. त्यांनी काय केले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात व वस्तूला स्पर्श करतात म्हणून ती दिसते, असे अनेक जुने विद्वान मानीत. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यांत येतो म्हणून दिसते, हे इब्न अल्-हैसम यांनी 'किताब अल्-मनाझिर' या ग्रंथात प्रयोगांसह मांडले. ग्रहणावरही त्यांचा स्वतंत्र निबंध आहे. बारीक छिद्रातून येणाऱ्या उजेडात ग्रासलेल्या सूर्याची कोर कशी उमटते, याचा विचार त्यात आहे. आपल्या अंगणात झाडाच्या पानांमधून जमिनीवर पडणारे कवडसे ग्रहणात कोरीसारखे होतात, ते याच नियमाने. मोठमोठ्या विद्वानांचे लिहिलेलेही तपासल्यावाचून स्वीकारू नये, ही त्यांची शिकवण होती.

पुढे न्यूटनने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांना तांबड्या रंगाच्या पलीकडे न दिसणारी उष्णता सापडली, तर १८०१ मध्ये रिटर यांना जांभळ्याच्या पलीकडे न दिसणारे अतिनील किरण सापडले. फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये सूर्याच्या रंगपट्टीत शेकडो काळ्या रेघा पाहिल्या. प्रकाश ही विद्युत व चुंबकीय तरंगांची धाव आहे, हे मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये गणिताने मांडले. दिसणारे रंग, उष्णतेचे किरण, रेडिओच्या लहरी, क्ष-किरण ही सारी एकाच घराण्यातील भावंडे होत. फरक आहे तो तरंगलांबीचा. या सर्वांना मिळून विद्युतचुंबकीय प्रारण म्हणतात.

मग त्या काळ्या रेघा कसल्या? घरातील गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ पडले की ज्योत पिवळी होते, हे आपल्या माता-भगिनींनी अनेकदा पाहिले असेल. तो पिवळा रंग मिठातील सोडियमची सही आहे. प्रत्येक मूलद्रव्याची अशी स्वतःची सही असते, हे किर्चहॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९ च्या सुमारास दाखविले. तापलेला विरळ वायू ठरावीक रंगांचा प्रकाश देतो. त्याच्यामागे त्याहून अधिक तापलेला प्रकाशगोल असेल, तर तेच रंग तो गिळतो आणि तेथे काळी रेघ दिसते. सूर्यावर कोणी जाऊ शकत नाही, पण तेथे काय आहे ते या सह्यांवरून वाचता येते.

खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याचा झगझगीत गोल झाकून टाकतो. त्या क्षणी सूर्याच्या कडेचे तांबूस पातळ आवरण तेवढे उरते आणि काळ्या रेघा एकदम उजळ होऊन चमकतात. हा चमकारा अवघा एक-दोन सेकंद टिकतो. त्यानंतर सूर्याभोवतीचा मोतिया रंगाचा किरीट दिसतो. पुलगावच्या आणि तळणीच्या काचांवर हेच टिपायचे होते.

तळणीला जॉन एव्हरशेड नावाचे गृहस्थ होते. पगारी खगोलशास्त्रज्ञ नसून ते हौसेने अभ्यास करणारे होते. त्यांच्या छायाचित्रांत हायड्रोजनच्या रेघा अतिनील भागाकडे एकमेकींच्या जवळ जवळ येत गेल्या होत्या आणि ३६४६ अँगस्ट्रॉमच्या सुमारास रेघा संपून पुढे सलग उजेड लागला होता. याचा अर्थ १९१३ नंतर, बोर यांच्या अणुकल्पनेमुळे उलगडला. अणूत इलेक्ट्रॉन जिन्याच्या पायऱ्यांवर असल्यासारखे असतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना ठरावीक ऊर्जा सुटते, म्हणून ठरावीक रेघ उमटते. परंतु बाहेर मोकळा फिरणारा इलेक्ट्रॉन अणूत येऊन पडला, तर तो किती वेगाने येईल याचा नेम नाही, म्हणून तेथे सलग उजेड दिसतो. प्रकाश आणि पदार्थ यांच्या देवघेवीचा हा पुरावा आपल्या नदीच्या काठावर मिळाला. एव्हरशेड पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले.

त्याच तळावर अ‍ॅनी माँडर ही विदुषी होती. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात ती गणित शिकली, पण स्त्री म्हणून तिला पदवी मिळाली नाही. लग्न झाल्यावर ग्रिनिच वेधशाळेतील नोकरीही सोडावी लागली. तरी तळणीच्या माळावर लहानशा कॅमेऱ्याने तिने किरीटाच्या एका किरणाचे चित्र घेतले. एवढा लांब किरण तोवर कोणाच्याही चित्रात आला नव्हता. मुलीला विज्ञान शिकवून काय उपयोग, असे म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

किरीटाच्या प्रकाशात एक हिरवी रेघ होती. तिचे नेमके स्थान, ५३०३ अँगस्ट्रॉम, याच ग्रहणात निश्चित झाले. ती कोणत्याही माहीत मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून कोणा नव्या द्रव्याची कल्पना केली गेली. अखेर १९४० च्या सुमारास एडलेन यांनी दाखविले की ती साध्या लोखंडाचीच सही आहे. मात्र त्या लोखंडाच्या अणूतून तेरा इलेक्ट्रॉन निघून गेलेले आहेत. एवढी ओढाताण व्हायला दहा लाख अंशांच्या घरातील उष्णता लागते. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आसपास असताना बाहेरचा किरीट इतका तप्त का, हे कोडे आजही पुरते सुटलेले नाही.

ग्रहणातील चमकाऱ्यात कॅल्शियमच्या रेघा फार उंचीवर दिसत. हे कसे, याचे उत्तर १९२० मध्ये मेघनाद साहा या आपल्या देशबांधवाने दिले. ते एका खेड्यातील छोट्या दुकानदाराचे चिरंजीव होते. आपल्या हाडांतही तेच कॅल्शियम आहे. सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात क्ष-किरणाचे चित्र काढतात, तेव्हा कॅल्शियम ते किरण मांसापेक्षा जास्त अडविते, म्हणून हाड पांढरे दिसते. सूर्यावरचा नियम आणि मोडलेल्या हातावरचा नियम एकच.

आता ग्रहणाविषयी एक शब्द. हजरत पैगंबर (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहिम वारले त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले, हे त्या दुःखामुळेच. त्या शोकाच्या घडीलाही पैगंबरांनी लोकांचा गैरसमज दूर केला. सूर्य-चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या जन्माने वा मृत्यूने त्यांना ग्रहण लागत नाही, असे सांगून त्यांनी नमाजाकडे बोलावले. असे असताना आपल्या काही घरांत आजही ग्रहणाच्या वेळी गरोदर स्त्रीला सुरी-कात्री हाती धरू देत नाहीत. नमाज अदा करावी, ग्रहण पाहण्याच्या खास प्रमाणित चष्म्यावाचून सूर्याकडे पाहू नये, आणि भीती सोडून द्यावी.

बंधूंनो, इब्न अल्-हैसम आमचे, असे म्हणून छाती फुगविणे सोपे आहे. परंतु १८९८ साली पुलगावच्या माळावर त्यांचा खरा वारसा कोणी चालविला? ज्यांनी काच घासली, मोजमाप केले आणि दोन मिनिटांसाठी समुद्र ओलांडला त्यांनी. वारसा रक्ताने मिळत नाही. तो प्रयोगशाळेत हात काळे करून मिळवावा लागतो. दहावीनंतर मुलाला दुकानावर बसविताना आणि मुलीचे नाव शाळेतून काढताना हे आठवा.

२ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने आदित्य-एल१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी पाठविले. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर राहून ते कृत्रिम ग्रहण घडविते आणि तीच ५३०३ ची हिरवी रेघ पाहते. ते उपकरण बनविणारी बंगळुरूची संस्था एव्हरशेड यांच्या कोडाईकनाल वेधशाळेतूनच वाढलेली आहे. म्हणजे पुलगावला सुरू झालेला धडा अद्याप संपलेला नाही. पुढचे पान लिहिणाऱ्यांत आपल्या जिल्ह्यातील एखादा मुलगा, एखादी मुलगी असावी, एवढीच अल्लाहपाशी दुआ.