एका पट्टीचा घोटाळा

आमच्या साताऱ्याच्या मामांकडे अब्दुल करीम खाँसाहेबांची एक कॅसेट होती. त्यातली 'जमुना के तीर' ही भैरवी मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. मामांचं मत ठाम. "खाँसाहेबांचा सूर बघ किती वर लागतो! तुझे भीमसेन तीच ठुमरी गातात, पण खाली उतरून." मी भीमसेनवाला. त्यामुळे दर सुट्टीत भांडण ठरलेलं.

गेल्या शनिवारी मामांची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली आणि त्याच तबकडीची सीडीवरची प्रत शेजारी लावली. पेटी घेऊन सा शोधला, तर कॅसेट चक्क एक पट्टी वर! गाणं तेच, जागा त्याच, फक्त कॅसेटवर ते दहाएक सेकंद आधी संपतं.

हिशोब सोपा आहे. तबकडी मिनिटाला ७८ ऐवजी साधारण साडेब्याऐंशी फेरे फिरली की सगळे सूर एक पट्टी चढतात, आणि तीन मिनिटांचं गाणं दहा सेकंदांनी आखडतं. आवाज बारीक होतो, लयही चपळ वाटते. म्हणजे मामा ज्यावर फिदा होते, त्यातलं थोडं खाँसाहेबांचं आणि थोडं कुठल्या तरी मोटारीचं. (खाँसाहेबांचा आवाज मुळात उंच आणि टोकदार होता, त्याबद्दल वाद नाही. वाद 'किती' याचा.)

पण मग सीडी तरी बरोबर कशावरून? जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ वर ध्वनिमुद्रित होत नसत. पाश्चात्त्य सिंफनीवाल्यांचं इथे बरं आहे. आर्थर निकिशने १९१३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक घेऊन बीथोवेनची पाचवी सिंफनी मुद्रित केली. ती सी मायनरमध्ये आहे हे कागदावर लिहिलेलं आहे. प्रत एक पट्टी वर वाजली की चूक लगेच पकडता येते, आणि मग तिची तुलना फुर्टवेंगलरशी, टोस्कानिनीशी खुशाल करा. आमच्याकडे ज्याचा त्याचा सा वेगळा. ताडून बघायला कागदच नाही.

मग सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आठवले. निवृत्त डेप्युटी कलेक्टर, नाद बावीस श्रुतींचा. खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर त्यांनी तारेच्या लांबीशी ताडून पाहिले आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. क्लेमेंट्स नावाचे आयसीएस अधिकारीही त्यांच्यासोबत होते. त्यातून श्रुती हार्मोनियम तयार झाला, पण १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत त्याचा निभाव लागला नाही. असो.

मला त्यात आवडलं ते असं, की देवलांनी मोजली ती गुणोत्तरं. सा आणि पंचमाचं नातं दोनास तीन. तबकडी पळवा नाहीतर रेंगाळवा, ते नातं हलत नाही. भैरवीतला कोमल ऋषभ खाँसाहेब षड्जाच्या किती जवळ नेऊन ठेवतात, ते कॅसेट आणि सीडी दोन्ही सारखंच सांगतात. पट्टी आणि लय मात्र दोन्हींपैकी कुणाच्याही भरवशावर सोडू नयेत.

या नजरेने भीमसेन पुन्हा ऐकले. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य हे. टेपच्या जमान्यातले, त्यामुळे त्यांच्या पट्टीवर जास्त विश्वास ठेवता येतो. तीन मिनिटांचा धाक नाही. खाँसाहेब एखाद्या जागेवरून नुसता हात फिरवून पुढे जातात, तिथे हे मांडी घालून बसतात, मग ताना. ही दोघांमधली खरी तफावत. पट्टीची नव्हे. आणि स्पष्टच सांगायचं तर, कॅसेट एक पट्टी उतरवून ऐकली तेव्हा खाँसाहेब मला पहिल्यांदाच जास्त आवडले. ती घाई गेली.

रविवारी मामांना फोन करून सगळं सांगितलं, फेऱ्यांच्या हिशोबासकट. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. पण सीडीवाल्यांनीच हळू फिरवली असेल तर?"

त्यांना खोटं पाडायला माझ्याकडे काहीच नाही. दिवाळीनंतर दोघं मिळून मिरजेला जायचं ठरलंय, मीरासाहेबांच्या दर्ग्यात, खाँसाहेबांच्या कबरीवर फूल वाहायला. कॅसेट बरोबर घ्यायची असं मामांचं म्हणणं आहे.