सरबताचा पेला आणि तळाचा गाळ

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर मागे टाकून सुरतेच्या वाटेला लागले, की सोनगडचा किल्ला येतो. पिलाजी गायकवाडांनी १७१९च्या सुमारास तो घेतला आणि बडोद्याच्या राज्याचा पाया तेथे घातला गेला. याच घराण्याच्या दरबारी दीडशे वर्षांनी ब्रिटिश रेसिडेंटावर विषप्रयोग झाल्याचे प्रकरण उद्भवले. रेसिडेंट म्हणजे परसत्तेचा दरबारातील वकील. मात्र एकोणिसाव्या शतकात हा वकील धन्यासारखा वागू लागला होता.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले आणि उरलेले फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड आणि मुंबईचे रासायनिक परीक्षक यांनी त्यात सोमल असल्याचे सांगितले. हिऱ्याची पूडही निघाली. संशय थेट मल्हारराव महाराजांवर गेला. त्यांचा पूर्वेतिहासही अनुकूल नव्हता: थोरले बंधू खंडेराव यांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून त्यांनी पाद्र्यास कैद भोगली होती.

तथापि, फेअर यांना परत बोलवावे असा खलिता महाराजांनी २ नोव्हेंबरलाच व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांना धाडला होता. दादाभाई नौरोजी तेव्हा दिवाण होते. ज्याच्या बदलीची रीतसर मागणी केली, त्यालाच आठवड्याभरात विष कोण घालील? दुसरीकडे रेसिडेन्सीचा हवालदार रावजी माफीच्या आश्वासनावर बोलला, आणि त्याच्या पट्ट्यात भुकटीची पुडी सापडली ती घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी, पोलिसांच्या हाती. बचावाचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी या पुडीवरच बोट ठेवले.

फेब्रुवारी १८७५मध्ये चौकशी आयोग बसला. सर रिचर्ड काउच, मीड आणि मेल्व्हिल या तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव या तिघांना तो वाटला नाही. पुरावा तोच, साक्षीदार तेच. मग सरकारने एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत केले आणि कारण दिले गैरकारभाराचे. विषाचा आरोप निकालाविना राहिला; शिक्षा मात्र झाली. मल्हारराव मद्रासेस गेले आणि १८८२मध्ये तेथेच वारले. गादीवर आला तो नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव.

साहित्याच्या अभ्यासकाला यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटावा. नारायण बापूजी कानिटकरांनी मल्हाररावांवर मराठीत नाटक लिहिले, तर बंगालीत अमृतलाल बसूंचे 'हीरकचूर्ण' आले. दोन्ही १८७५ची. पुढच्याच वर्षी नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा झाला. त्यामागील कारणांत गायकवाडांवरील नाटकाचाही उल्लेख होतो. मल्हारराव आदर्श राजे नव्हते, हे त्यांच्या काळच्या प्रेक्षकाला ठाऊक असणारच. तरी त्याला रंगमंचावर हा खटला पाहावासा वाटला, कारण आयोगात तीन विरुद्ध तीन मते पडूनही निर्णय एकाच बाजूने लागला होता. एकोणिसाव्या शतकातील आपली राजकीय नाटके वाचताना हा फुटलेला निवाडा शेजारी ठेवावा. त्यांतील संतापाचा उगम मग शोधावा लागत नाही.